आवाजाचें माप

मनुष्य बाजारांत गेला कीं आंकड्यांना फार लवकर वश होतो. पंखा घ्यावयाचा तर तो मिनिटाला किती फेरे घेतो, मोटार घ्यावयाची तर तिचा वेग किती, हें विचारल्यावांचून त्याला खरेदीचें समाधानच लाभत नाहीं. आंकड्याचा मोठा गुण असा कीं तो समजण्यासाठीं वस्तूची पारख असावी लागत नाहीं. पंधरापेक्षां शंभर मोठे, हें गणित चौथींतल्या मुलालाहि येतें. आणि ज्या अर्थीं शंभर मोठे त्या अर्थीं शंभरच घ्यावे, हा पुढचा विचार आपण मोठीं माणसेंहि चौथींतल्या मुलासारखाच करतों. तांदूळ किंवा कापड घेतांना हा हिशेब चालून जातो. परंतु ज्या वस्तूचा व्यवहार माणसाच्या कानाशीं आहे, तेथें तो चालतो कीं नाहीं, याचा विचार करण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आमच्या घरीं आला. आणि तेव्हांपासून तो विषय माझ्या मनांतून गेलेला नाहीं.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी सोळा वर्षांची आहे, आणि ती गिटार वाजविते. आमच्या नगराला—२०२४ सालीं सरकारदरबारीं त्याचें नांव अहिल्यानगर झालें, पण आम्हां जुन्या रहिवाशांच्या जिभेवरून 'नगर' अजून उतरलेलें नाहीं—पाश्चात्य संगीत अगदींच परकें नाहीं. अमेरिकन मराठी मिशननें १८३१ सालीं येथें ठाणें घातलें. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं याच गांवांत राहून ख्रिस्ती भजनें मराठी अभंगांच्या वळणानें रचिलीं. तेव्हां पेटी, ऑर्गन आणि गिटार यांना येथें कोणी अडवीत नाहीं. परंतु पुतणीची गिटार विजेची आहे, आणि विजेची गिटार हें अर्धेंच वाद्य होय. ती भरीव लाकडाची असते. नुसती छेडली तर शेजारच्या खोलींत डांस गुणगुणावा इतकाच तिचा नाद. तारांच्या खालीं लोहचुंबकावर तांब्याच्या बारीक तारेचीं वेटोळीं बसविलेलीं असतात; पोलादी तार कांपली कीं त्या वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो; आणि तो प्रवाह वाढवून कर्ण्यांतून बाहेर काढणारा जो पेटारा, तो ॲम्प्लिफायर. सतारीला भोपळा तसा या गिटारीला हा पेटारा. तो निवडणें म्हणजे वाद्याचें अर्धें अंग निवडणें.

दुकानांत दोन पेटारे डोळ्यांपुढें होते. एक पंधरा वॅटचा, कांखेंत मारून नेतां येईल असा. दुसरा शंभर वॅटचा, दोघांनीं उचलावा असा. घरांत लगेच दोन पक्ष झाले. भावाचें म्हणणें, वस्तु एकदांच घ्यावयाची तर मोठी घ्यावी. उद्यां मुलगी रंगमंचावर वाजवूं लागली तर पुन्हां खर्च नको. भावजयीचें म्हणणें, आपला वाडा जुना, भिंतीला भिंत लागलेली, पलीकडच्या घरीं दहावीचा मुलगा. मोठा पेटारा आणून वैर कशाला घ्यावें? दोन्ही बाजूंना दम होता. पण पुतणीनें एकच वाक्य असें उच्चारलें कीं दोन्ही पक्ष गप्प झाले. ती म्हणाली, "काका, मोठा घेतला तर आजोबांना ऐकूं जाईल."

आमच्या वडिलांनीं जिल्ह्यांतील एका साखर कारखान्यांत, ऊंस गाळण्याच्या विभागांत, बत्तीस वर्षें काढलीं. गाळपाचा हंगाम सुरू झाला कीं चरकांची ती घरघर दिवस नाहीं, रात्र नाहीं, अखंड चाले. कानांत बोळे घालण्याची रीत तेव्हां तेथें नव्हती; कोणीं घातले असते तर सोबत्यांनीं त्याची थट्टाच केली असती. निवृत्त होऊन घरीं आले तेव्हां त्यांचे कान बरेच गेले होते. गोंगाटानें जाणारे कान एकदम जात नाहींत. आधीं बारीक आणि उंच स्वर जातात. रस्त्यावरून मालमोटार गेलेली त्यांना समजते, पुरुषांचें बोलणें बरेंचसें समजतें. पण लहान मुलांचें बोलणें समजत नाहीं, आणि 'स', 'श', 'फ' हीं अक्षरें तर शब्दांतून विरूनच जातात. नात शेजारच्या खोलींत वाजवीत असते, हें त्यांना तिच्या हातांकडे पाहून कळे, कानांनीं नव्हे. तेव्हां 'आजोबांना ऐकूं जाईल' या शब्दांपुढें खर्चाचा किंवा शेजाऱ्यांचा विचार उभा राहणें कठीण होतें. प्रश्न एवढाच उरला कीं शंभर वॅटांनीं तें साधतें काय?

वॅट हें शक्तीचें माप आहे. वाफेच्या यंत्राला ज्यानें खरी उपयुक्तता आणून दिली त्या जेम्स वॅटचें नांव त्याला मिळालें आहे. यंत्र किती जोर लावूं शकतें हें वॅट सांगतो. आपल्याला किती ऐकूं येईल हें तो सांगत नाहीं. त्यासाठीं निराळें माप आहे—डेसिबल. आणि त्या शब्दांत टेलिफोनच्या ग्रॅहॅम बेलचें नांव दडलेलें आहे. या दोन मापांमधील नातें मोठें मजेचें आहे. शक्ति दुप्पट केली तर आवाजाची पातळी तीन डेसिबल वाढते, आणि कानाला 'किंचित् मोठा झाला' एवढेंच जाणवतें. आवाज दुप्पट झाला असें वाटावयाला सुमारें दहा डेसिबल वाढ लागते. म्हणजे शक्ति दहापट करावी लागते. याचा अर्थ, पन्नास वॅट आणि शंभर वॅट यांत कानाच्या दृष्टीनें फरक अवघा तीन डेसिबलांचा. आणि आमच्यापुढील पंधरा व शंभर यांत सव्वाआठ डेसिबलांचा. शंभर वॅट हा पंधराच्या साडेसहापट दिसतो, पण ऐकावयाला तो दुप्पटहि भरत नाहीं. निसर्गानें कान असा घडविला यांत त्याची कृपाच आहे. पानांच्या सळसळीपासून मेघांच्या गडगडाटापर्यंत शक्तीचें अंतर अब्जावधिपटीचें. तें सारें एका लहानशा पडद्यावर झेलावयाचें तर मोठ्या आवाजाला असें आंखडून घेण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

शिवाय एक गोष्ट दुकानांतील पाटीवर कधींच लिहिलेली नसते. पेटाऱ्यांतला कर्णा किती तरतरीत आहे, यावर पुष्कळ अवलंबून असतें. एकच वॅट दिला असतां एखादा कर्णा एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल आवाज काढतो, दुसरा १०० काढतो. हा तीन डेसिबलांचा लाभ म्हणजे वॅट दुप्पट केल्याचाच लाभ होय. आणि वरच्या आंकड्यांवरून हेंहि लक्षांत येईल कीं एक वॅटसुद्धां एका खोलीला पुरून उरतो.

मग इतक्या वॅटांचा उपयोग तरी काय? उपयोग आहे, आणि तो नाकारणें अन्याय होईल. सुराचा पहिला आघात हा नंतरच्या नादापेक्षां कितीतरी जोरकस असतो. लहान यंत्राची शक्ति त्या आघातापुढें अपुरी पडते आणि स्वर फाटतो. मोठें यंत्र तो आघात सहज पेलतें आणि स्वर निर्मळ ठेवतें. शेजारीं कोणी ड्रम बडवीत असेल, समोर मोकळें मैदान असेल, आणि स्वर स्वच्छच पाहिजे असेल, तर मोठ्या यंत्राला पर्याय नाहीं. परंतु गिटारच्या बाबतींत मौज अशी झाली आहे कीं पुष्कळ वादकांना तो फाटलेला स्वरच हवा असतो! जुन्या रेडिओंत असत तसले कांचेचे व्हॉल्व्ह ज्या यंत्रांत असतात, त्यांच्या शक्तीच्या कडेला स्वर गेला कीं तो हळूहळू भरड होतो, त्याला गायकाच्या दमलेल्या गळ्यासारखी एक आर्तता येते. ही कडा पंधरा वॅटच्या यंत्रांत लवकर गांठतां येते; शंभर वॅटच्या यंत्रांत ती गांठावयाची तर आधीं सारी आळी जागी करावी लागते. एरिक क्लॅप्टन यानें १९७० सालीं 'लैला' हा आपला गाजलेला गीतसंग्रह मुद्रित करतांना पोराटकी दिसावीं अशीं लहानशीं यंत्रें वापरलीं होतीं. ट्रान्झिस्टरच्या यंत्रांना ही गोडी सहसा येत नाहीं. तीं कडेला गेलीं कीं एकदम करकरतात, म्हणून त्यांच्यांत थोडी शक्ति हातची राखावी लागते. आणि मोठ्या मंडपांत वाजवावयाचें असेल तर लहान यंत्रासमोर मायक्रोफोन ठेवून मंडपाच्या कर्ण्यांना तो आवाज दिला कीं काम भागतें. भावाच्या शंकेला हें उत्तर पुरेसें होतें.

परंतु शक्तीची भूक अशा उत्तरांनीं शमत नाहीं, याची कथा मोठी बोधप्रद आहे. १९६० च्या सुमारास इंग्लंडांत गिटारवादकांचें काम पंधरा-तीस वॅटांत चांगलें चालत असे. पुढें श्रोत्यांची गर्दी वाढली. बीटल्सच्या वादकांसाठीं शंभर वॅटचीं यंत्रें तयार झालीं. तरी १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे क्रीडांगणावर पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांनीं जो आरडाओरडा केला, त्यांत वादकांना आपलेंच वादन धड ऐकूं येईना. त्याच वर्षीं लंडनांतील 'दि हू' या वृंदाचा गिटारवादक पीट टाउनशेंड यानें जिम मार्शल या दुकानदाराकडे अधिक शक्तीच्या यंत्राची मागणी केली, आणि मार्शलनें शंभर वॅटचें यंत्र बांधलें. टाउनशेंडला आठ कर्ण्यांची एकच पेटी हवी होती; ती उचलतां उचलतां हमालांची पाठ मोडूं लागली, तेव्हां तिचे दोन भाग करून एकावर एक ठेवण्याची पद्धति पडली. आज रंगमंचावर ज्या काळ्या पेट्यांच्या भिंती दिसतात त्यांचें मूळ हें. ३१ मे १९७६ रोजीं लंडनांतील चार्ल्टन येथें याच वृंदाचा आवाज ३२ मीटरांवर १२६ डेसिबल भरला, आणि जगांतील सर्वांत मोठ्या आवाजाची मैफल म्हणून गिनेसच्या विक्रमग्रंथांत त्याची नोंद झाली. पुढें त्या ग्रंथानेंच लोकांच्या कानांची काळजी करून हा विक्रम नोंदविणें सोडून दिलें. टाउनशेंडचे कान अधू झाले, त्यांत नाद घुमूं लागला. त्याचा दोष त्यानें पुढें रंगमंचापेक्षां मुद्रणालयांत कानांना लावलेल्या हेडफोनांना अधिक दिला. म्हणजे आवाज किती दूरवर गेला यापेक्षां तो कानाच्या किती जवळ आणि किती वेळ होता, हेंच महत्त्वाचें ठरलें.

ही विलायतेची गोष्ट मी येथें सांगण्याचें कारण असें, कीं तिचें दुसरें टोंक आमच्या नगर तालुक्यांत आहे. हाच टाउनशेंड १९७२ सालीं नगरजवळच्या अरणगांवच्या माळावर, मेहेराबादला, मेहेरबाबांच्या समाधीच्या दर्शनास आला होता. आंधळ्या, मुक्या व बहिऱ्या मुलाची कथा सांगणाऱ्या 'टॉमी' या त्याच्या १९६९ च्या गीतसंग्रहाच्या श्रेयनामावलींत मेहेरबाबांचें नांव आहे. आणि ज्यांच्या पायाशीं हा पृथ्वीवरील एक सर्वांत मोठ्या आवाजाचा वादक येऊन बसला, त्या मेहेरबाबांनीं १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजीं देह ठेवीपर्यंत मौन पाळलें होतें. १९५४ पर्यंत ते अक्षरांच्या फळीवर बोट फिरवून बोलत, आणि पुढें केवळ हातांच्या खुणांनीं. मी त्यांच्या पंथाचा नाहीं. पण दौंड रस्त्यानें जातां-येतां त्या टेकडीवर अनेकदां गेलों आहें. देशोदेशींचीं माणसें गिटार घेऊन तेथें येतात आणि समाधीपाशीं कसल्याहि यंत्रावांचून गातात. पांच-सहा हातांवर बसलेल्या माणसाला तें पुरतें. त्यापलीकडच्याला थोडें पुढें सरकून बसावें लागतें. पुण्यतिथीला, ३१ जानेवारीस, हजारों लोक जमतात. आणि दुपारीं बारापासून सव्वाबारापर्यंत तो सारा समुदाय स्तब्ध असतो. त्या पंधरा मिनिटांत माळावरचा वारा, एखाद्या मुलाचें रडणें, दूरवरची आगगाडी हीं सारीं ऐकूं येतात. मोठ्या आवाजानें जें झांकलें जातें त्याची यादी करावयाची असेल तर तेथें जाऊन उभें राहावें.

नगर शहरांत मात्र अशी यादी करावयाला सवड मिळत नाहीं. मिरवणुका कोणत्याहि धर्माच्या असोत, त्यांच्यापुढें आतां कर्ण्यांचे डोंगर चालतात, आणि दारांचीं तावदानें थरथरतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीं झाले. वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं ४५ डेसिबलांची मर्यादा त्यांत घालून दिली आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर कर्ण्यांना मनाई आहे. नियम आहेत; त्यांचें काय होतें तें आपण सारेच ऐकतों. परंतु कानाचा स्वतःचा एक नियम आहे, आणि त्याला कोणाचा परवाना चालत नाहीं. अमेरिकेंतील कामगारांच्या आरोग्याची चिकित्सा करणाऱ्या संस्थेनें ८५ डेसिबलांत आठ तास ही सुरक्षित मर्यादा ठरविली आहे. पुढें दर तीन डेसिबलांना वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटें. वर सांगितलेल्या चांगल्या कर्ण्याला एक वॅट दिला असतां एक मीटरवर शंभर डेसिबल होतात, हें येथें पुन्हां आठवावें. आमच्या वडिलांच्या कानांचें काय झालें तें या कोष्टकावरून मला कळलें. आणि त्यांची नात रोज संध्याकाळीं दोन तास त्या पेटाऱ्यासमोर बसणार, हाहि विचार आला. आजोबांना ऐकूं जावें म्हणून नातीनें आपले कान खर्ची घालावे, हा सौदा त्यांना तरी मान्य झाला असता काय?

तरीहि केवळ गणितानें मुलीच्या इच्छेला नाहीं म्हणणें मला बरें वाटेना. तेव्हां तिच्या मैत्रिणीच्या भावाकडून शंभर वॅटचें यंत्र एका रविवारपुरतें मागून आणलें, आणि दुकानदारानें लहान यंत्र परत करण्याच्या बोलीवर दिलें. वडील ओसरीवर आपल्या नेहमींच्या खुर्चींत बसले होते. मोठें यंत्र समोरच्या भिंतीशीं ठेवलें. पुतणीनें आधीं खुंटी थोडी फिरविली. वडिलांच्या चेहऱ्यावर कांहींच उमटलें नाहीं. तिनें आणखी फिरविली, आणखी फिरविली. आणि एका क्षणीं त्यांनीं दोन्ही हात कानांवर ठेवले. "पुरे, पुरे! कारखाना सुरू झाला वाटतें," ते म्हणाले. दुखावलेल्या कानांची ही व्यथा निकट राहणाऱ्यांसच माहीत असते. 'ऐकूं येत नाहीं' आणि 'सोसवत नाहीं' या दोहोंमधली जागा त्यांच्यांत अरुंद झालेली असते. म्हणूनच बहिऱ्या माणसाशीं ओरडून बोललें तर तो रागावतो. त्याला जोर नको असतो, स्पष्टपणा हवा असतो.

मग लहान यंत्र एका स्टुलावर ठेवलें, आणि वडिलांची खुर्ची तेथवर ओढून त्याच्यापासून दोन हातांवर आणली. पुतणीनें खर्जाची खुंटी उतरवून बारीक स्वरांची थोडी चढविली, आणि एकेक सूर सुटा करून वाजवूं लागली. वडिलांनीं पेटाऱ्यावर तळवा ठेवला. बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "ही तर काकडआरतीची चाल. जरा सावकाश घे, बाळ." ती खरोखरच काकडआरतीची चाल होती.

या रविवारानंतर मीं पुन्हां आंकडेमोड केली. मोकळ्या जागेंत अंतर निम्में केलें कीं आवाज सहा डेसिबलांनीं वाढतो. म्हणजे शक्ति चौपट केल्याचें फळ मिळतें. घरांत भिंतींवरून परतणाऱ्या आवाजामुळें हा लाभ थोडा कमी होतो, पण स्वर भिंतींत घोटाळण्याच्या आधीं कानाशीं येतो, म्हणून स्पष्टपणाचा लाभ उलट वाढतो. आठ हातांवरून चार हातांवर आणि चारांवरून दोनांवर खुर्ची सरकविली, तेव्हां आम्हीं एक पैहि न देतां पंधरा वॅटांचे शंभराहून अधिक वॅट करून घेतले होते. आणि तेहि फक्त एका माणसापुरते. पलीकडच्या घरांतला दहावीचा मुलगा आपला अभ्यास करीत होता.

ऐकूं जाण्याचे दोन मार्ग आहेत. एक, बोलणाऱ्यानें जोर वाढवावा. दुसरा, ऐकणाऱ्यानें जवळ यावें, किंवा बोलणाऱ्यानें ऐकणाऱ्याजवळ जावें. पहिला मार्ग दुकानांत विकत मिळतो, म्हणून त्याची जाहिरात असते. दुसऱ्याला विकणारा कोणी नाहीं, म्हणून त्याचें स्मरणहि कोणी देत नाहीं. आमच्याच जिल्ह्यांत, नेवाशाला, सातशें वर्षांपूर्वीं एका तरुणानें खांबाला टेकून गीतेवर मराठींत निरूपण केलें. खांबाभोंवतीं जितकीं माणसें बसूं शकत होतीं तितक्यांनाच तें ऐकूं गेलें असेल. तें आज घरोघर पोंचलें आहे. पोंचण्याचा आणि मोठ्यानें बोलण्याचा संबंध आपण समजतों तितका घट्ट नाहीं.

पंधरा वॅटचा पेटारा आतां आमच्या घरीं आहे. गेल्या हिंवाळ्यांत कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत पुतणीनें तोच नेला. समोर मायक्रोफोन ठेवला, आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकूं गेलें. घरीं मात्र त्याची खुंटी तिसऱ्या घरापलीकडे जात नाहीं. वडिलांची खुर्ची त्या रविवारीं जेथें ओढली तेथेंच राहिली आहे. ती येण्याजाण्याच्या वाटेंत येते, झाडतांना अडचण होते. पण भावजय तिच्या भोंवतालून केरसुणी फिरविते, ती हलवीत नाहीं.